छावणीबाहेरची मंडळी : मोल्टन या इंग्रज खेड्याचं एक प्रकरण

१७८५ च्या मार्च महिन्यात, नॉर्थॅम्प्टन शहराच्या उत्तरेला काही मैलांवर असलेल्या मोल्टन गावात २३ वर्षांचा एक जोडे शिवणारा कारागीर बायकोसह राहायला आला. गावात मुलांना शिकवायला मास्तर नव्हता. मुलं शिकवावीत, जोडीला जोडे शिवावेत आणि रविवारी तिथल्या बॅप्टिस्ट मंडळीला, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाच्या गावातल्या समूहाला, उपदेश करावा, असा त्याचा बेत होता. मंडळी लहान होती. बरीच वर्षं तिला पाळक (धर्मगुरू) नव्हता आणि ती जिथे जमायची ते सभाघर मोडकळीला आलं होतं.

या कारागिराचं नाव विल्यम कॅरी. मराठीच्या अभ्यासकाला हे नाव १८०५ च्या व्याकरणामुळे आणि १८१० च्या कोशामुळे ठाऊक असतं. पण तिथे तो एकदम बंगालमध्ये, छापखान्याच्या शेजारी उभा असलेला भेटतो. तो तिथवर पोचला कसा, हे सांगताना बहुतेकजण त्याच्या अफाट बुद्धीवर थांबतात. बुद्धी होतीच. पण मोल्टनचा काळ बारकाईने पाहिला की वाटतं, त्याच्यामागे उभी असलेली खेड्यातली माणसं आपण फार लवकर विसरलो. हा अभ्यास त्यांच्याविषयी आहे. गावात राजमान्य चर्च (चर्च ऑफ इंग्लंड) होतं, त्याच्यामागे जमीन, दशांश (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा कर) आणि कायदा होता. तरी त्याच्या सावलीत मूठभर कारागिरांनी वेगळी मंडळी कशाच्या बळावर चालवली, हा माझा प्रश्न.

दाराला कडी लावायची नाही

आधी कायद्याची चौकट पाहू, कारण तिच्याशिवाय मोल्टनमधल्या माणसांनी काय पत्करलं होतं ते कळत नाही.

१६६२ मध्ये इंग्लंडच्या संसदेने एकरूपतेचा कायदा केला. प्रत्येक पाळकाने राजमान्य चर्चचं प्रार्थनापुस्तक जसंच्या तसं स्वीकारावं, नाहीतर जागा सोडावी, असा हुकूम निघाला. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स गादीवर परतल्यापासून १६६२ च्या २४ ऑगस्टच्या मुदतीपर्यंत मिळून सुमारे २,००० पाळक आपल्या जागांवरून गेले. ज्यांनी हे पुस्तक मानलं नाही ते 'नॉनकन्फॉर्मिस्ट', पुढे 'डिसेंटर'. प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, क्वेकर असे त्यांचे पंथ. एकमेकांशी त्यांचं फारसं पटत नसे, पण कायद्याच्या लेखी सगळे एकाच बाजूला. १६६४ च्या कायद्याप्रमाणे घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जण वेगळ्या उपासनेला जमले तर तो गुन्हा होता. शेजारच्या बेडफर्डशरमध्ये जॉन बनियन हा भांड्यांना डाग देणारा माणूस परवान्याविना उपदेश करतो म्हणून १६६० ते १६७२ अशी १२ वर्षं तुरुंगात राहिला.

१६८९ मध्ये सहिष्णुतेचा कायदा आला आणि छळ थांबला. पण समान हक्क मिळाले असं मात्र झालं नाही. सभेची जागा बिशपकडे किंवा न्यायाधीशांच्या तिमाही बैठकीत नोंदवावी लागे. उपासना चालू असताना दाराला कुलूप, अडसर किंवा कडी लावायला मनाई होती. या एका अटीपाशी मी बराच वेळ थांबलो. बंद दाराआड काय शिजतंय, ही राज्यकर्त्यांची भीती त्यातून दिसते. आणि बाहेर थंडी असो, टवाळ पोरं असोत की जमीनदाराचा कारभारी असो, दार ढकललं की उघडेल अशाच जागेत या माणसांनी पिढ्यानपिढ्या प्रार्थना केली, हेही दिसतं.

उरलेली बंधनं रोजच्या जगण्यात भिडायची. राजमान्य चर्चचा दशांश आणि चर्चपट्टी (चर्चच्या इमारतीच्या देखभालीचा कर) डिसेंटरलाही चुकत नसे. चर्चपट्टीची सक्ती १८६८ पर्यंत टिकली. आपल्या पाळकाचा खर्च वेगळा, तो स्वखुशीने. म्हणजे धर्मासाठी दोनदा पैसे. १७५३ च्या कायद्यानंतर क्वेकर आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना लग्न राजमान्य चर्चमध्येच लावावं लागे. ही अट १८३० च्या दशकात सुटली. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करत नाहीत, कारण त्यांच्या मते बाप्तिस्मा हा कळत्या वयात स्वतः केलेला कबुलीजबाब आहे. त्यामुळे त्यांच्या मुलांची नावं गावच्या बाप्तिस्मा-वहीत येत नसत, आणि मूल दगावलं तर प्रार्थनापुस्तकातला अंत्यविधी त्याला लागू नाही असं पुस्तकातच छापलेलं होतं. गावची दफनभूमी एकच. तिथे आपल्या पद्धतीने मूठमाती देण्याचा हक्क डिसेंटरांना १८८० मध्ये मिळाला. माझ्या लेखी या सगळ्यातलं सर्वांत जिव्हारी लागणारं बंधन हेच. दंड भरता येतो, पद नसलं तरी चालतं. लेकराच्या खड्ड्यापाशी परक्याची परवानगी लागावी, हे सोसणं वेगळं.

'आमेन' म्हणणाऱ्याचा मुलगा

कॅरी या वातावरणात जन्माने नव्हता, हे या प्रकरणाचं एक वैशिष्ट्य. १७ ऑगस्ट १७६१ ला तो नॉर्थॅम्प्टनशरच्याच पॉलर्सपरी गावात जन्मला. वडील एडमंड कॅरी विणकर होते. पुढे ते गावच्या चर्चचे कारकून आणि शाळामास्तर झाले. चर्चच्या कारकुनाचं काम म्हणजे उपासनेत लोकांच्या वतीने प्रतिसाद म्हणणं, 'आमेन' म्हणणं. घरची भाकरीच राजमान्य चर्चशी जोडलेली. लहानपणी डिसेंटरांविषयी आपल्या मनात तिरस्कारच होता, असं कॅरीने पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे.

उन्हाने त्याच्या कातडीला त्रास होई, म्हणून शेतमजुरी सुटली आणि पिडिंग्टन गावात क्लार्क निकल्स यांच्याकडे तो जोडे शिवायला उमेदवार म्हणून राहिला. इथे मराठी वाचकासाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इंग्लंडात जोडे शिवणं हा गरिबीचा धंदा होता, पण तो जन्माने चिकटत नसे. विणकराचा मुलगा तो शिकू शके आणि सोडूही शके. आपल्याकडच्या चर्मकार समाजाने सोसलेलं तिथे शोधायला जाऊ नये.

त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. तो डिसेंटर घरातला. दिवसभर हात कामात आणि तोंडं वादात. कॅरी वादात जिंकायचा, पण रात्री आपलंच बोलणं त्याला पोकळ वाटायचं. त्यात एक प्रसंग घडला. नाताळची बक्षिसी म्हणून एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने त्याला शिलिंग दिला, आणि तो निघाला पितळेचा. कॅरीने तो मालकाच्या पैशांत सरकवला, आणि हे खोटं पचू दे म्हणून देवाची प्रार्थनाही केली. खोटं उघडं पडलं. शरमेने त्याला रस्त्यावरून चालवेना. हे त्याने प्रौढपणी स्वतः सांगितलं, काही न लपवता.

१० फेब्रुवारी १७७९, बुधवार. अमेरिकेतल्या युद्धासाठी राजाने देशभर उपास आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला होता. पिडिंग्टनला लागूनच असलेल्या हॅकल्टनमध्ये डिसेंटरांचं लहानसं सभाघर होतं. कॅरी त्या दिवशी तिथे बसला होता. ऑल्नीचा टॉमस चेटर बोलायला उभा राहिला आणि त्याने बायबलातल्या 'इब्री लोकांस पत्र' या भागातलं वचन घेतलं: ख्रिस्ताचा अपमान सोशीत आपण छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ. १७ वर्षांच्या मुलाने त्याचा सरळ अर्थ घेतला. छावणी म्हणजे राजमान्य चर्च, वडिलांची नोकरी, गावातला मान. त्याने चर्च सोडलं.

दोन कागद, २२ दिवस

१७८१ च्या वसंतातले दोन कागद शेजारी ठेवले की डिसेंटर असणं म्हणजे काय ते मला सर्वांत स्वच्छ दिसतं.

पहिला कागद १९ मेचा. हॅकल्टनच्या माणसांनी रीतसर मंडळी स्थापन केली आणि एक करार लिहिला. त्याखाली नऊ सह्या आहेत, तिसरी विल्यम कॅरीची. कोणी बिशपने नेमलेलं नाही, कोणाची देणगी नाही. एकमेकांच्या श्रद्धेची आणि वागण्याची जबाबदारी घेतो, एवढंच. बस्स, झाली मंडळी.

दुसरा कागद १० जूनचा, पिडिंग्टनच्या राजमान्य चर्चच्या विवाहनोंदवहीतला. विल्यम कॅरी आणि डॉरोथी प्लॅकेट यांचं लग्न. डॉरोथीला लिहिता येत नव्हतं, तिने सहीच्या जागी फुली केली. २२ दिवसांपूर्वी ज्या चर्चबाहेर उभं राहून करार केला, त्याच चर्चमध्ये लग्नाला जाणं भाग होतं.

सुरुवातीच्या वर्षांत या जोडप्याने खूप भोगलं. पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापाने गेली. त्याच दुखण्यातून कॅरी वाचला, पण डोक्यावरचे केस गेले. मालकाच्या मागे दुकानाचा भार त्याच्यावर आला. पॉलर्सपरीच्या शेजाऱ्यांनी पैसे गोळा करून त्याचं घर उभं राहायला मदत केली. ते शेजारी राजमान्य चर्चचेच होते, हे विसरून चालणार नाही. गावात माणसं पंथाच्या रेषेवरच जगत नसत.

कॅरी अभ्यास करत बॅप्टिस्ट मतापर्यंत पोचला. ५ ऑक्टोबर १७८३ ला नॉर्थॅम्प्टनच्या नेन नदीत तिथल्या बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक धाकटा जॉन रायलंड याने त्याला बाप्तिस्मा दिला. जोडे शिवणाऱ्या एका गरीब कामगाराला आपण त्या दिवशी बाप्तिस्मा दिला एवढंच तेव्हा वाटलं होतं, असं रायलंडने नंतर सांगितलं. अर्ल्स बार्टनच्या लोकांना उपदेश करायला कॅरी साडेतीन वर्षं पायी जात राहिला. तिथली वर्गणी इतकी अपुरी, की त्यांच्यासाठी झिजलेल्या कपड्यांचाही खर्च निघत नसे.

ऑल्नीने घेतलेली परीक्षा

बॅप्टिस्टांमध्ये उपदेशक व्हायला पदवी लागत नसे, आणि ऑक्सफर्डची दारं डिसेंटरांना बंदच होती. म्हणून कोणीही उठावं आणि उपदेश करावा असं नव्हतं. मंडळीने माणसाला ऐकायचं, पारखायचं आणि मग 'पाठवायचं'. कॅरीने यासाठी ऑल्नीच्या मंडळीचं सभासदत्व घेतलं. तिथले पाळक जॉन सटक्लिफ. ऑल्नी हे लेस विणणाऱ्या बायकांचं गाव.

१७ जुलै १७८५ ला, रविवारी, कॅरी ऑल्नीकरांसमोर बोलला. त्यांचं समाधान झालं नाही. नोंदवहीत निर्णय असा, की तो जिथे बोलतो आहे तिथे बोलत राहो, पण आणखी पारखण्यासाठी त्याने आमच्यासमोर पुन्हा यावं. पुन्हा, म्हणजे एक वर्षाहून अधिक काळाने. १० ऑगस्ट १७८६ ला त्यांनी एकमताने त्याला पाठवलं.

कॅरीचे चरित्रकार या प्रसंगाकडे ऑल्नीकरांची चूक म्हणून पाहतात: बघा, एवढ्या मोठ्या माणसाला यांनी ओळखलं नाही! मला ते अजिबात पटत नाही. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या माणसांची एक सभा, आपल्यासारख्याच एका कारागिराचं ऐकते, 'अजून नाही' म्हणते, ते लिहून ठेवते आणि वर्षाने पुन्हा ऐकायला बसते. त्या काळच्या इंग्लंडात गावकऱ्याला मत विचारणारी दुसरी जागा कुठे होती? संसदेसाठी मत देणं बहुतेकांच्या नशिबी नव्हतं. राजमान्य चर्चचा पाळक ठरवायचा हक्क बहुतेक ठिकाणी जमीनदाराकडे, बिशपकडे किंवा एखाद्या कॉलेजकडे. बाकीच्यांनी रविवारी येऊन बसायचं. ऑल्नीच्या सभाघरात मात्र मंडळी ठरवत होती, आणि सावकाश ठरवत होती.

मोल्टनचा हिशेब

आता मोल्टन. कॅरी आला तो शाळेच्या भरवशावर. काही काळाने आधीचा मास्तर परत आला आणि पोरं पुन्हा त्याच्याकडे गेली. उरले जोडे आणि मंडळी.

मंडळी वर्षाला १०-११ पौंड जमवू शकत होती. लंडनच्या बॅप्टिस्टांचा एक निधी होता, त्यातून ५ पौंडांच्या आसपास येत. म्हणजे सगळे मिळून फार तर १६. एका पौंडाचे २० शिलिंग. आठवड्याचा हिशेब मांडला तर सहा शिलिंगांच्या जरा वर. त्या भागात शेतमजुराला आठवड्याला सात-आठ शिलिंग मिळत असावेत असं धरलं, तर पाळकाचा पगार मजुरापेक्षाही कमी. घरात बराच काळ मांस शिजत नसे, पोटभर जेवण हीच चैन.

यावरून मंडळी कंजूष होती असं म्हणणं सोपं आहे. पण देणारे कोण होते ते पाहा. त्यांनी आधी दशांश आणि चर्चपट्टी भरली होती. उरल्यातून सभाघराची दुरुस्ती करायची होती, कारण भिंतींचा भरवसा नव्हता, आणि कॅरीचं ऐकायला येणारे वाढल्यावर जागाही पुरेना. तरी त्याच वर्षांत त्यांनी, बाहेरच्या मंडळ्यांकडून मदत मागून, ते सभाघर नव्याने बांधून मोठं केलं. ज्याला आठवड्याला सहा शिलिंगही धड देता येत नाहीत असा समूह इमारत उभी करतो. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत दखल घेण्याजोगा आकडा हाच, आणि तो कोणत्याही चरित्रात ठळक छापलेला नसतो.

कॅरी तयार जोड्यांची पिशवी खांद्याला अडकवून पायी निघे आणि परतताना नवं कातडं घेऊन येई. जोडे घेणारा केटरिंगचा व्यापारी टॉमस गॉच, तोही बॅप्टिस्ट. त्याच्या मंडळीचे पाळक अँड्र्यू फुलर. गॉचने एक दिवस विचारलं, आठवड्याला किती सुटतात? नऊ-दहा शिलिंग, कॅरी म्हणाला. गॉच म्हणाला, मग माझं कातडं आणखी नासवू नकोस, लॅटिन-ग्रीक-हिब्रूचा अभ्यास कर, तेवढे पैसे मी माझ्या खिशातून देतो. आठवड्याला १० शिलिंग म्हणजे वर्षाला २६ पौंड. पूर्ण मंडळी आणि लंडनचा निधी मिळून देत होते त्याहून जास्त.

खेड्यातल्या डिसेंटरांची ताकद इथे कळते. एकटं मोल्टन तगलं नसतं. पण मोल्टनच्या पाठीशी केटरिंग, ऑल्नी, नॉर्थॅम्प्टन होतं. १७६४ मध्ये केटरिंगला या मंडळ्यांनी आपला संघ उभा केला होता. कॅरीला लॅटिन-ग्रीकमध्ये सटक्लिफची मदत झाली, हिब्रूसाठी रायलंडची. विद्यापीठाने दार बंद केलं, तर शेजारच्या गावचे पाळकच त्याचं विद्यापीठ झाले. १७८४ मध्ये सटक्लिफच्याच सूचनेवरून संघाने ठरवलं होतं, की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी प्रत्येक मंडळीने तासभर प्रार्थना करायची, आपल्या मंडळीसाठी आणि दूरदूरच्या माणसांसाठीही.

१ ऑगस्ट १७८७ ला मोल्टनमध्ये कॅरीची पाळकपदाची दीक्षा झाली. रायलंड, सटक्लिफ आणि फुलर तिघेही हजर होते. डॉरोथीनेही त्याच वर्षी मोल्टनमध्ये बाप्तिस्मा घेतला.

भिंतीवरचा नकाशा

या मंडळ्यांच्या आत तेव्हा एक खोल वाद चालू होता. इंग्लंडच्या बऱ्याच बॅप्टिस्टांमध्ये असं मत रुजलं होतं, की तारणासाठी देवाने कोणाला निवडायचं ते आधीच ठरलेलं आहे. मग श्रद्धा नसलेल्याला 'ये' म्हणून बोलावणं पाळकाचं काम नाही. या मताने मंडळ्या आतल्या आत आकसत चालल्या होत्या. फुलरने १७८५ मध्ये छापलेल्या पुस्तकात याला उत्तर दिलं: सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) ऐकून तिच्यावर विश्वास ठेवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, म्हणून प्रत्येकाला बोलावलंच पाहिजे. कॅरीने त्यापुढचा प्रश्न विचारला. प्रत्येकाला, म्हणजे कुठवर?

मोल्टनमधल्या त्याच्या कामाच्या जागी फुलरने भिंतीवर एक मोठा नकाशा पाहिला होता. अनेक कागद चिकटवून, हाताने काढलेला. प्रत्येक देशाच्या जागी लोकसंख्या, धर्म, जे जे वाचनात आलं ते टिपलेलं. मुलांना भूगोल शिकवायला त्याने कातड्याचा गोलही केला होता. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णनं तो वाचत होता. हातात आरी, समोर पॅसिफिक महासागर. हे टिपण १७९२ मध्ये लेस्टरला छापलेल्या ८७ पानांच्या पुस्तिकेत तक्त्यांच्या रूपात उतरलं. जगाची लोकसंख्या त्याने ७३ कोटी १० लाख धरली आहे.

पण त्या पुस्तिकेतलं माझं आवडतं पान तक्त्यांचं नाही, पैशाचं आहे. मिशनचा, म्हणजे दूरदेशी धर्मप्रसाराला माणसं पाठवण्याचा, खर्च कोण करणार? कॅरीचं उत्तर: प्रत्येक सभासदाने आपल्या ऐपतीप्रमाणे आठवड्याला एक पेनी किंवा जास्त द्यावी. आणि पुढे तो सांगतो, की गुलामांच्या श्रमातून येते म्हणून अनेक कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली आहे. त्यातून काहींचे आठवड्याला सहा पेन्स, काहींचा एक शिलिंग वाचतो आहे, तो या कामाला द्यावा. हा हिशेब मोल्टनमध्येच शिकलेला. जिथे वर्षाचे १० पौंड पेनी-पेनीने गोळा होतात, तिथलाच माणूस जगाचा विचार पेनीत करू शकतो.

२ ऑक्टोबर १७९२ ला केटरिंगमध्ये एका विधवेच्या घराच्या मागच्या खोलीत या पाळकांनी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन केली. त्या दिवशी कबूल झालेली रक्कम १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. जवळजवळ मोल्टनच्या पाळकाचा वर्षाचा पगार.

किंमत कोणी मोजली

इथे थांबून डॉरोथीकडे पाहणं मला आवश्यक वाटतं. छावणीबाहेर जायचं वचन कॅरीने ऐकलं होतं, तिने ऐकलं असेलच असं नाही. १७९३ मध्ये नवऱ्याने बंगालला जायचं ठरवलं तेव्हा तिने नकार दिला. ती गरोदर होती, आणि आपल्या गावाच्या आसपासच्या टापूबाहेर तिचं जग नव्हतं. जहाजाचा खोळंबा झाला, मधल्या काळात मूल झालं, पुन्हा मनधरणी झाली, बहीण सोबत येत असेल तर येते म्हणून ती तयार झाली. १३ जून १७९३ ला ते डॅनिश जहाजाने निघाले. पुढच्या वर्षी बंगालमध्ये पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. त्यानंतर डॉरोथीचं मन ढळलं ते सावरलं नाही. १८०७ मध्ये ती वारली. शेजारच्या खोलीत ती आक्रोश करत असताना कॅरी भाषांतर करत बसलेला असे, असं सोबतच्यांनी नोंदवलं आहे. मंडळीने नऊ सह्यांच्या करारात एकमेकांची काळजी घ्यायचं वचन दिलं होतं. समुद्र ओलांडून गेलेल्या, फुलीने सही करणाऱ्या बाईपर्यंत ती काळजी पोचली नाही. या प्रकरणातली ही जखम कुठल्याही यशाने झाकली जात नाही.

मराठीपर्यंत

१८०० पासून कॅरी कोलकात्याजवळच्या सेरामपूरला, डेन्मार्कच्या वसाहतीत राहिला. इंग्रजांच्या कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून हा आसरा. पुढच्याच वर्षी, कंपनीच्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवणाऱ्या कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्याला नेमलं गेलं. आधी बंगाली आणि संस्कृत, मग मराठी. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण निघालं. त्यात त्याने देवनागरी अक्षरं वापरली. १८१० च्या कोशात मोडी आली, कारण लोकांच्या रोजच्या व्यवहारात मोडी होती. कॉलेजातले मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांच्यावाचून हे काम झालं नसतं, आणि कोशाच्या प्रस्तावनेत कॅरीने त्यांचं ऋण मान्य केलं आहे. 'सिंहासन बत्तिशी', 'हितोपदेश' ही पुढच्या दशकात सेरामपूरहून निघालेली मराठी गद्याची पुस्तकंही वैजनाथांच्या हातची. मिशनच्या हेतूंविषयी मराठी माणसाचं मत काहीही असो, आपल्या छापील गद्याच्या सुरुवातीच्या पानांत या दोघांचा हात आहे.

व्यवहारातली भाषा हीच खरी भाषा, तिचं व्याकरण लिहिण्यात कमीपणा नाही, ही कॅरीची दृष्टी कुठून आली असेल? मला ती मोल्टनच्या सभाघरात दिसते. तिथे लॅटिन येणारा तो एकटाच होता. ऐकणाऱ्यांत मजूर, विणकर, लेस करणाऱ्या बाया, आणि त्यांना कळलं नाही तर ते तसं तोंडावर सांगणारे. त्यांच्या बोलीतच देवाविषयी, पापाविषयी, साखरेविषयी बोलावं लागायचं. हा माझा तर्क आहे, पण चार वर्षं दर आठवड्याला ज्याने असं बोलून दाखवलं, त्याच्या बाबतीत तो फार दूरचा नसावा.

कॅरी १७८९ मध्येच मोल्टन सोडून लेस्टरच्या मंडळीकडे गेला होता. म्हणजे या गावात तो जेमतेम चार वर्षं राहिला. मोल्टनच्या मंडळीला पुन्हा पाळक शोधणं आलं, वर्गणी गोळा करणं आलं, आणि तेही तिने केलं. गावात आजही बॅप्टिस्ट मंडळी आहे. तिच्या चर्चला कॅरीचं नाव आहे, आणि शेजारी त्याचं ते छोटं घर जपलेलं आहे. तिथे तो कातडं भिजत घालायचा ती दगडी डोणीही ठेवली आहे.